खर्चीचं काम

"हां हां! ठेव ते खाली! आज हत्याराला हात लावायचा न्हाई!"

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी थांबला. शेडच्या दारात अण्णा उभे होते, हातात हळदीकुंकवाचं तबक. अण्णा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू यायचं. स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नसल्यामुळे साधं "चहा घे" सुद्धा ते पलीकडच्या गल्लीला कळेल असं म्हणायचे.

"अण्णा, चारच स्क्रू काढायचेत!" मीही ओरडले.

"चार असूदेत न्हाईतर एक. खंडेनवमी हाय. दे हिकडं."

दिला. त्यांनी तो नेऊन पाटावर मांडला. पाटावर आधीच मागाचा धोटा होता, पाना होता, सूत कापायची कैची, पक्कड आणि आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, विळी. त्या रांगेत माझा पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर शेवटी बसला आणि अण्णांनी त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

इचलकरंजीत खंडेनवमीला माग बंद असतात. एरवी या गावात बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. आमच्या शेडच्या भिंतीला लागूनच शेजारच्या उरण्यांचे माग, ते सतत चालू. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, इथे आपल्याला झोप लागणं शक्य नाही. पुढे अशी सवय झाली की माहेरी गेले तर शांततेने डोळा लागेना. त्या सकाळी मात्र भिंतीपलीकडे चिमण्या भांडत होत्या ते ऐकू येत होतं.

मी कोल्हापूरहून पहिली बस पकडून आले होते ती सणासाठी नव्हे. मशीन परत बंद पडलं होतं.

हे मशीन सुदर्शनचं. सुदर्शन माझा नवरा. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

त्या शेडमध्ये आधी आमचे चार माग होते. अण्णांच्याने होईना तेव्हा ते विकले, आणि मोकळ्या जागेत सुदर्शनने जुने-नवे भाग जमवून एक सर्व्हर उभा केला. सारखा चालू राहणारा, हौसेचा. परदेशात कुठेतरी आजारांवर संशोधन चाललेलं असतं. त्यांची गणितं एवढी अवाढव्य की एका जागी उरकत नाहीत. मग त्यांचे तुकडे करून जगभरातल्या घरच्या कॉम्प्युटरांना वाटायचे. ज्याला हौस त्याने तुकडा घ्यायचा, सोडवून परत पाठवायचा आणि पुढचा मागायचा. हे अण्णांना समजावताना घाम फुटणार असं मला वाटलं होतं. त्यांना ते एका दमात कळलं.

"म्हंजे खर्चीचं काम! सूत शेठचं, माग आपला."

आमच्या गावातले बरेच माग असेच चालतात. व्यापारी सुताचं बीम पाठवतो, मागवाला ते विणून कापड परत करतो आणि मजुरी घेतो.

"बरोब्बर, अण्णा," सुदर्शन हसत म्हणाला. "फक्त मजुरी मिळत नाही."

"मजुरी न्हाई? मग येडा हाईस काय?" अण्णांनी मशीनभोवती एक चक्कर मारली. "आणि वेळंत दिलं न्हाई तर?"

"तर तेच काम दुसऱ्याला देतात. काम अडत नाही कुणासाठी."

"शेठबी तसंच करतोय," अण्णा म्हणाले. तेव्हापासून मशीन त्यांना पटलं.

वर्ष-दीड वर्षात सुदर्शनला रक्ताचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात पडल्या पडल्या तो फोनवर बघायचा, घरचं मशीन चालू आहे ना. "माझं औषध माझ्याच घरात शिजतंय बघ, वृषाली," म्हणायचा. नर्सलाही सांगायचा. नर्स हसायची, मी हसायचे. ते औषध त्याच्यासाठी वेळेत शिजलं नाही.

तो गेला, मशीन चालू राहिलं. त्या संशोधनाच्या वेबसाइटवर काम करणाऱ्यांची यादी असते. त्यात त्याचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि पुढे शेवटचं काम पाठवल्याची तारीख. मशीन चालू, म्हणून तारीख रोज बदलायची. मी नोकरीसाठी कोल्हापूरला खोली घेऊन राहत होते. संध्याकाळी आईंचा फोन यायचा.

"तारीख आजची हाय?"

"आजचीच आहे."

"बरं. जेव आता."

एवढंच बोलणं व्हायचं. दुसऱ्या कुणाला ते वेडेपणाचं वाटेल. मी त्या तारखेच्या जोरावर जगत होते. जोवर त्याच्या नावापुढे आजची तारीख आहे तोवर तो पलीकडच्या खोलीत काहीतरी करत बसला आहे, असं मला खरोखर वाटायचं.

आणि त्या पावसाळ्यापासून मशीन दगा द्यायला लागलं. चालता चालता एकदम बंद. आधी मी विजेवर संशय घेतला आणि बॅटरी बसवली. मग मशीनचा पॉवर सप्लाय बदलला. मग मेमरी बदलली. आमच्या गावात हवेत कापसाचं तूस उडत असतं, ते आत जाऊन बसत असेल म्हणून दर शनिवारी ब्रश घेऊन साफ करायला लागले. चार दिवस नीट चालायचं, पाचव्या दिवशी परत आईंचा फोन, "वृषाली, गप झालं गं ते." आतल्या नोंदी बघितल्या तर कसलीच चूक नाही. चांगलं धडधाकट मशीन वीज तोडल्यासारखं मरायचं. दुरुस्त करून करून मीच दुरुस्तीला आले होते.

त्यात माझ्या दादाने नाशिकचं एक स्थळ आणलं. माणूस चांगला होता, बायको गेलेली, समजूतदार. दादा मुद्दाम इचलकरंजीला आला, सासरच्यांच्या समोर विषय काढावा म्हणून. मी त्याला बाहेरच्या खोलीतच तोडून टाकलं.

"आणि मशीनकडे कोण बघणार? ते चालू आहे तोवर माझं लग्न झालेलंच आहे, दादा. परत विचारू नकोस."

समोर अण्णा पानाला चुना लावत बसले होते. मी हळू आवाजात बोलले होते, त्यामुळे त्यांना काही कळलं नसेल असं मी धरून चालले.

तर त्या खंडेनवमीला मी मशीनपुढे हात चोळत बसले होते. अण्णा देवापाशी गेलेले बघून आई हळूच आत आल्या.

"उघडत न्हाई?"

"हत्यार पाटावर बसलंय ना माझं!"

त्या गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. बघते तर चमचा.

"चमचा काय हत्यार न्हवं," त्या कुजबुजल्या. "काढ गुमान."

चमच्याच्या टोकाने स्क्रू सैल केले आणि हाताने फिरवून काढले. झाकण बाजूला केलं आणि बघतच राहिले. आतला पंखा लाल झाला होता. पात्यांवर, तारांवर, कानाकोपऱ्यात तुसाबरोबर लाल-पिवळा थर बसलेला.

"आई, हे काय आहे?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. "रोज सकाळी एवढंसं लावते. देवाला लावते, मग त्येला कसं सोडू?"

"वरच्या जाळीतून सगळं आत पडतंय! आणि ही राख?"

"उदबत्ती ओवाळते की."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं कोण जाणे. "अहो आई, देवाला चालतं, मशीनला नाही चालत! त्याचा श्वास कोंडतो." आईही हसल्या, तोंडावर पदर धरून. सापडलं एकदाचं, असं मला झालं. मी पंखा पुसला, पाती पुसली आणि हात वर घेतले तर दहाही बोटं लाल झालेली. तीन वर्षांत मी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता.

आईंचं हसू थांबलं. मी घाईने उठले, हात धुवायला.

"ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "कोण बघतंय."

दारात अण्णा येऊन उभे होते. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि तसेच मागे फिरले.

मशीन चालू केलं. पंखा गुणगुणायला लागला. मशीन तापल्यावर आईंनी नेहमीसारखा त्याच्या झाकणावर तळहात ठेवला. रोजच ठेवायच्या त्या. "ऊन लागतंय गं हाताला," त्या म्हणाल्या. "अंगासारखं." मी यादी उघडून बघितली. थोड्या वेळात त्याच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख पडली. दिवसभर मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. जेवताना अण्णा म्हणाले, "त्येलाबी आज बसवायला पायजे हुतं पाटावर. समदी हत्यारं बसली."

"सुदर्शनने कधी बसवलं का?" मी ओरडून विचारलं. दरवर्षी बापलेकांची यावरून जुंपायची. दुखणेकऱ्यांना खंडेनवमी नसते, असं सुदर्शन म्हणायचा.

अण्णा ताटातला घास चिवडत बसले.

दिवेलागणीला आई आणि मी चौंडेश्वरीच्या देवळाला निघालो. कोपऱ्यावर गेल्यावर आईंच्या लक्षात आलं, नारळ ओट्यावरच राहिला.

"तुम्ही थांबा, मी आणते," म्हणून मी मागे वळले.

घरात शिरले आणि मला मशीनचा पंखा ऐकू आला. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. एवढ्या वर्षांत तो इतक्या लांबून मला कधीच ऐकू आला नव्हता. उरण्यांच्या मागांनी कधी ऐकू दिलाच नव्हता. मी नारळ हातात घेऊन तशीच ऐकत उभी राहिले. बरं वाटत होतं. तो घरात आहे आणि त्याचं काम चाललं आहे, असं वाटत होतं.

मग "टक्" असा आवाज आला. पंख्याचा सूर खाली खाली गेला आणि थांबला. आणि परत एकदा "टक्".

मी मागच्या दाराशी गेले. शेडमध्ये अण्णा वाकून उभे होते, माझ्याकडे पाठ. त्यांचा हात मशीनच्या मागच्या बटणावर होता. बटण बंद करून त्यांनी परत पहिल्यासारखं ठेवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथे दिसावं आणि पुढचं बटण दाबेपर्यंत मशीन तेवढं मेलेलं असावं.

ते बोलत होते. मनातल्या मनात बोलतोय असंच त्यांना वाटत असणार. मला एकेक शब्द ऐकू येत होता.

"बास आता, सुदर्शन. लई केलंस काम. तुला जाताना कुणाला अडवता आलं न्हाई. पर ती पोर अजून तुझ्या दारात उभी हाय रं. तुला जित्तं ठेवायसाठनं ती मरायला लागलीया. हे चालू हाय तवर लगीन झालेलंच हाय म्हणती. आज हाताला कुकू लागलं तर चोरी केल्यागत धुवाय पळाली. सोड तिला. तू सोडीत न्हाईस म्हणून मला हे करायला लागतंय. उभ्या जल्मात मागावरचं कापड मी अर्ध्यात कापलं न्हाई. तुझं कितीदा कापलं. रागावू नगंस बापावर."

आणि खांद्यावरच्या टॉवेलाने त्यांनी मशीनचं वरचं झाकण पुसलं. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं पुसलं.

मी आवाज न करता निघायला वळले. वळताना आठवलं, मागवाले एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. इतक्या खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. मी दादाशी हळू बोलले ते त्यांनी समोर बसून सगळं वाचलं होतं. पावसाळाभर ते हे चोरून करत आले होते आणि सापडले नव्हते, कारण मागांच्या आवाजात बटणाची टकटक कुणाच्या कानावर जाणार? पण अण्णांच्या कानात माग कधी बंदच पडत नसत. आज गाव गप्प आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, देवळापर्यंत मी रागातच चालले. त्याची तारीख पुसणारे तुम्ही कोण, असं मनातल्या मनात भांडत गेले. देवीपुढे हात जोडले आणि काय मागायचं तेच सुचेना. आजवर फक्त मशीन चालू राहू दे एवढंच मागत आले होते. त्या मागण्यात मी कुठेच नव्हते, हे त्या गर्दीत उभं राहून मला कळलं, आणि मला हुंदका आवरेना. आईंना वाटलं सुदर्शनची आठवण आली. त्यांनी पाठीवर हात फिरवला. "रड, रड," म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या आधी शेडमध्ये गेल्या. "अगं, परत गप झालं!" त्यांचा रडवेला आवाज आला. अण्णा पानाच्या डब्यात सुपारी शोधत बसले.

"उद्या बघू, आई," मी म्हणाले.

दसऱ्याला सकाळी अण्णांनी पाट हलवला आणि कुंकवाचा ठिपका असलेला स्क्रू-ड्रायव्हर स्वतः माझ्या हातात आणून दिला.

"घे. आज चालतंय."

मी त्यांच्या समोर उभी राहिले. ओरडले नाही. नुसते ओठ हलवले.

"अण्णा, मशीनमध्ये काही बिघाड नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मागावर लागलेलं अर्ध्यात कापायचं नसतं. मी ते चालू करते. जेवढं काम आत आलंय तेवढं उतरू द्या. नवीन बीम आता मी घेत नाही."

ते मटकन उंबऱ्यावर बसले. "कवा ऐकलंस?"

"काल. माग बंद होते, अण्णा."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. आपण किती मोठ्याने रडतोय हेही त्यांना कळत नव्हतं. उरण्यांकडची माणसं भिंतीवरून डोकावायला लागली. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. कुणाला काय झालं, काय झालं म्हणत. मग त्यांना सांगावंच लागलं. अण्णांचं मी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आई, मला आता हे बंद करायचंय."

त्या रागावतील असं वाटलं. त्या नुसत्या खाली बसल्या.

"मग ते काम कोण करणार?"

"दुसरं कुणीतरी करेल. काम अडत नाही."

"आणि त्येचं नाव? पुसत्यात?"

"नाही, नाव राहतं. कायमचं राहतं. फक्त..."

"फक्त काय?"

"तारीख पुढे जाणार नाही."

त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. सणाचं नेसलेलं लुगडं होतं, तेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. मग म्हणाल्या, "दसऱ्याची पडंल न्हवं? चांगला दिवस हाय."

त्यानंतरच्या वैशाखात माझं लग्न झालं, नाशिकच्या त्याच माणसाशी. कन्यादानाला दादा उभा राहणार होता. अण्णांनी त्याला बाजूला केलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी पोर हाय. हिचा हात मी देणार." आज माझ्या घरात दोन मुलं आहेत आणि सुखाने भांडत असतात. अण्णा गेले, पाठोपाठ आईही गेल्या. सुदर्शनचं नाव त्या यादीत अजून आहे. मी कधीतरी उघडून बघते. तारीख त्याच दसऱ्याची.

त्या दसऱ्याच्या दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये बसलो होतो. मी मशीनला नवीन काम मागायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. आत उरलेले तुकडे एकेक करून सुटत होते, जात होते. भिंतीपलीकडे कुणी माग सुरू केले नव्हते, त्यामुळे पंखा स्पष्ट ऐकू येत होता. अण्णा मशीनवर डोळे लावून बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला होता. शेवटचा तुकडा गेला तेव्हा मी तो हात दाबला.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं. पोचलं."

"तारीख?" आई म्हणाल्या.

"आजची."

मग मी मशीन बंद केलं, नीट, जसं बंद करायचं असतं तसं. पंखा दोनदा फिरल्यासारखा करून थांबला. बाहेर पोरं आपट्याची पानं घेऊन "सोनं घ्या" म्हणत दारोदार फिरत होती. आमच्याही दारात येऊन थांबली. मी उठले, अण्णा भिंतीला धरून उठले. आई उठल्या नाहीत. त्यांचा तळहात मशीनच्या झाकणावर होता.

"आई, चला ना. पोरं आलीत."

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून ऊन हाय."